पाण्यावरचं रान

रंकाळा स्टँडवर गगनबावड्याची गाडी लागली तेव्हा माझ्या हातात एकच पिशवी होती आणि पिशवीत माझ्या बायकोचं, आनुसयाचं, हिरवं लुगडं. आमच्यात पद्धत आहे. बाई नवऱ्याच्या आधी, कुंकवानिशी गेली, तर तिचं एक लुगडं माहेरी नेऊन द्यायचं. वर्ष होत आलं तरी माझ्याच्यानं ते झालं नव्हतं. कपाट उघडायचं, लुगड्यावर हात फिरवायचा आणि कपाट बंद करायचं, असंच चाललं होतं.

मग एक दिवस तिच्या धाकट्या भावाचा, दत्तूचा, फोन आला. म्हणाला, "दाजी, या की वर. रानात नारळ फोडायचा हाय. आक्का न्हाय, आता तिच्या जागी तुमीच. तुमच्या हातानंच फुटला पायजे." (आमच्याकडं बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात.) मला वाटलं, बहिणीच्या नावानं काही करायचं असेल. लुगडंही देऊन होईल. म्हणून निघालो.

आमची शिवाजी पेठेत जळाऊ लाकडाची वखार होती. वडिलांनी घातली, मी चालवली. पेठेतल्या घराघरांत पाण्याचे बंब होते, चुली होत्या, तालमीत पैलवानांच्या आंघोळीला पाणी तापायचं. सगळ्याला लाकूड आमचं. ते बावड्याच्या डोंगरातून यायचं, आणि आनुसयाही तिथूनच आली. लाकूड जिथलं, सूनही तिथलीच, असं तेव्हा पेठेत चेष्टेनं म्हणायचे. पुढं घरोघर गॅस आला, बंब अडगळीत गेले, आणि वखारीत कुत्री झोपायला लागली. मी कुलूप घातलं. माझ्याही घरात गॅसच होता, मग कुणाला बोलणार.

गाडी फुलेवाडी सोडून बालिंग्याच्या पुलावर आली की कोल्हापूर संपतं. दोन्ही बाजूंनी ऊस. थंडी सरताना साखर कारखाने जोरात असतात, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. मध्येच कुठंतरी गुऱ्हाळ पेटलेलं, आणि रस उकळल्याचा गोड वास खिडकीतून आत. आनुसया या वासाला नाकाला पदर लावायची. तिला गूळ आवडायचा, वास आवडायचा नाही. मी तिला म्हणायचो, तू उलट्या काळजाची आहेस. आता शेजारची सीट रिकामी होती, आणि त्यावर एका पावण्यानं खताचं पोतं ठेवलं होतं.

कळ्याच्या अलीकडं गाडी थांबली. पुढं उसाची ट्रॉली उलटली होती. सगळा रस्ता उसानं भरलेला. कुणाला लागलं नव्हतं, म्हणून लोक खुशीत खाली उतरले आणि जो तो एकेक कांडं सोलायला लागला. ट्रॅक्टरवाला कपाळाला हात लावून बसला होता. कुणीतरी त्यालाच त्याचा ऊस मोडून दिला. तोही खायला लागला.

तिथं झाडाखाली एक मास्तर पेपर वाचत उभे होते. त्यांच्याजवळ एक जण होता, हाताला जागोजागी भाजल्याचे डाग. कोल्हापूरच्या फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, कामाला होता.

मास्तर म्हणाले, "बड्या देशांचं म्हणणं आहे, की भारतानं, चीननं आता वचन द्यावं. धूर कमी करू म्हणून. हवा तापायला लागली आहे सगळ्या जगाची."

फौंड्रीवाला म्हणाला, "त्यांनी कवाधरनं भट्ट्या पेटवल्यात, तवा कुनी वचन मागितलं न्हाय. आमच्या भट्टीला आत्ता कुठं जाळ लागलाय, तर म्हणत्यात इझवा."

"विझवा नाही हो. कमी करा."

"मास्तर, कमी जाळावर लोखंड वितळतंय व्हय? तुमी शिकवून दावा, मी वितळवून दावतो."

लोक हसले. मास्तर रागावले नाहीत. म्हणाले, "अहो, पूर कुणाच्या दारात येतोय? त्यांच्या, का आपल्या शिरोळ-कुरुंदवाडच्या? चूक त्यांची असेल, पण पाणी आपल्या घरात शिरतंय."

"मग त्यांनी आधी इझवावं."

"आणि नाही विझवलं तर?"

"तर आमी बी न्हाय."

"म्हणजे सगळ्यांनी मिळून बुडायचं."

"बुडूया की. एकट्यानं बुडण्यापरास बरं."

एक म्हातारी पाटीत कोंबडी घेऊन बसली होती. ती म्हणाली, "जगाचं ऱ्हाऊ द्या बाबांनू. आधी ही ट्रॉली उचला. माझी कोंबडी मराय लागलीया उन्हानं."

मी फौंड्रीवाल्याच्या बाजूचा. त्याला टाळी दिली आणि म्हटलं, "बरोबर बोललास. ज्यांची पोटं भरली त्यांनी दुसऱ्याला उपास सांगू नये." त्यानं मला उसाचं कांडं दिलं. मास्तर माझ्याकडं बघून नुसते हसले. मग सगळ्यांनी मिळून ऊस बाजूला ओढला, ट्रॉली सरळ केली आणि गाडी हलली.

कळ्याला चहाला उतरलो. भजी गरम होती, मी कागदात बांधून घेत होतो, तोवर कंडक्टरनं बेल मारली. म्हाताऱ्या पायांनी किती पळणार. भज्यांचा कागद छातीशी धरून दारात चढलो तर कंडक्टर म्हणाला, "आज्जा, तुमचं लुगडं फुडं गेलं असतं आन् तुमी मागं ऱ्हायला असता." पिशवीतून लुगड्याचा काठ बाहेर आला होता. त्याला काय ठाऊक. मी म्हटलं, "ते कवाच फुडं गेलंय बाबा." त्याला कळलं नाही. त्यानं एक भजं उचललं आणि पुढं गेला.

साळवण मागं पडलं की ऊस विरळ होतो आणि डोंगर जवळ येतात. असळजच्या पुढं हवा बदलते. घामाचा सदरा गार पडतो. बावड्याच्या स्टँडवर उतरलो तर वारा असा की टोपी हातात धरावी लागली. तांबडी माती, कौलारू घरं आणि समोर उभा गगनगड. पावसाळ्यात इथं चार-चार महिने ऊन दिसत नाही. आता मात्र सगळं लख्ख होतं.

दत्तूची धाकटी पोरगी वैशाली न्यायला आली होती. दहावीला होती. मला वाकून नमस्कार केला आणि पिशवी घेतली. "मामा, चालवंल न्हवं तुमास्नी? न्हाय तर बाबा म्हणालं, डोली करूया." (आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात, हे बाहेरच्यांना चमत्कारिक वाटतं.)

म्हटलं, "डोलीत बसायला मी अजून मेलो न्हाय."

"आत्तीला एकदा डोलीतनंच खाली न्हेल्ती, लहान असताना. आज्जी सांगायची."

हे मला आनुसयानं कधी सांगितलं नव्हतं. संसार सगळा एका घरात गेला, तरी माणसाचं असं काही राहतंच.

वाट कड्याच्या अंगानं जाते. डाव्या हाताला एकदम जमीन संपते आणि खाली कोकण दिसतं, धुरकट निळं. पोरगी बोलत होती. पेपर जवळ आले होते. तिला सायन्सला जायचं होतं. "त्येला कोल्हापूरच गाठाय पायजे. बाबा म्हणत्यात, करूया कायतरी." मी हूं हूं करत चाललो होतो. मला दमा, माझं लक्ष श्वासात होतं.

वाडी थोडक्याच घरांची. दत्तू अंगणात उभा होता, आनुसयासारखंच रुंद कपाळ. त्याला बघितलं की मला नजर खाली घालावी लागते. त्याची बायको सुंदरा तांब्या घेऊन आली. मी लुगडं तिच्या हातात दिलं. तिनं ते उलगडलं नाही, तसंच तोंडाला लावलं आणि तिथंच उंबऱ्यावर बसून रडली. मी आणि दत्तू गोठ्यातल्या म्हशीकडं बघत उभे राहिलो.

जेवायला नाचण्याची भाकरी, कुळथाची आमटी आणि लसणीची चटणी. आमटी बोटानं चाटून खाल्ली. चूल आत धुमसत होती, सुंदराचे डोळे लाल. आनुसयानं दवाखान्यात मला एक गोष्ट सांगितली होती. "दत्तूला म्हणावं, पाण्यावरचं रान ठेव. बाकी काय बी कर." ते मी त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. पण लुगड्यावरून सगळे रडून बसलेले, त्यात कुठं रानाचं काढू, म्हणून उद्यावर टाकलं.

पाण्यावरचं रान म्हणजे काय ते सांगतो. वाडीच्या वर एका खडकातून झरा निघतो. बारमाही. उन्हाळ्यात आजूबाजूच्या वाड्यांचं पाणी आटतं तेव्हा याच पाण्यावर माणसं आणि जनावरं जगतात. त्याच्या डोक्यावर यांचं मालकीचं रान आहे. जांभूळ, हिरडा, किंजळ, ऐन, आणि दाट एवढं की दिवसाही आत गेलं तर डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो. दत्तूच्या आजोबांच्या नावाचं रान, त्यात बहिणीच्या वाटणीचं आनुसयाचं नाव, आणि ती गेल्यावर माझं आणि माझ्या मुलाचं.

सकाळी आम्ही वर गेलो. दत्तू पुढं, मी, मागं सुंदरा आणि वैशाली. झऱ्याला पोचलो तर तिथं पाच-सहा गडी बसले होते, तंबाखू मळत. शेजारच्या वाडीची माणसं. मला वाटलं, कुठं कामाला निघाली असतील. मी पाणी प्यायलो. दात ठणकले. आनुसया कोल्हापुरातल्या नळाला कायम नावं ठेवायची, आणि मी तिला म्हणायचो, तुझ्या माहेरच्या पाण्याला काय सोनं लागलंय. प्यायल्यावर कळलं. उशीर झाला, पण कळलं.

रानाच्या कडेला एका जुन्या किंजळीच्या बुंध्याशी दत्तूनं हळदकुंकू वाहिलं आणि नारळ माझ्या हातात दिला. मी टोपी काढली. डोळे मिटून आनुसयाला म्हटलं, तुझ्या घरी आलोय गं, आणि खडकावर नारळ फोडला. पाणी मुळाशी सांडलं.

डोळे उघडले तर ते गडी उठून उभे राहिले होते. हातात कुऱ्हाडी. त्यांनी कुऱ्हाडी कपाळाला लावल्या आणि त्यांच्यातला म्हातारा मला म्हणाला, "कुठल्या अंगानं सुरवात करू, पावणं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी म्हटलं, "थांबा."

"थांबा म्हंजी?"

"थांबा म्हंजी थांबा. दत्तू, हे काय हाय?"

दत्तू माझ्याकडं बघतच राहिला. "रान तोडायला घालायचंय की दाजी. फोनवर सांगितलंवतं न्हवं."

"तू नारळ म्हणालास."

"मग नारळ कशाचा असतोय? ज्येचा हिस्सा त्यानं फोडायचा, मग कुऱ्हाड लावायची. तुमी फोडलासा, म्हंजी तुमची राजीखुशी."

"मला वाटलं आनुसयासाठी हाय."

"आक्कासाठी घरात फोडला असता. रानात कशाला? दाजी, तुमी वखारवालं. एवढं बी ठावं न्हाय तुमास्नी?"

नव्हतं ठाऊक. खोटं कशाला सांगू. माझा जन्म लाकडात गेला. ऐन कुठला, जांभूळ कुठला, ओलं किती, वाळलं किती, हे मी अंधारात हात लावून सांगेन. पण माझ्याकडं लाकूड ट्रकमधून यायचं. रानात ठेकेदार जायचा. झाड उभं असताना त्याला नारळ फोडतात, आणि तो फोडला की शब्द गेला, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

मी आनुसयाचं म्हणणं सांगितलं. शब्दाला शब्द. दत्तू खडकावर बसला. गडी परत तंबाखू मळायला लागले.

दत्तू म्हणाला, "आक्का म्हणाली आसंल. ती म्हणायचीच. पर आक्का कोल्हापुरात गॅसवर भाकरी करत हुती."

मी म्हटलं, "त्येचा हितं काय संबंध?"

"समूरचा डोंगर बघा." त्यानं हात केला. समोरचा डोंगर बोडका होता, नुसतं वाळकं गवत आणि मध्ये मध्ये खडक. "त्यो असाच रानाचा हुता. त्येच्यावर कोल्हापूरनं आंघोळी केल्या. तुमचा बा न्हेत हुता, मग तुमी न्हेलासा. आमी बी इकलं, न्हाय म्हणत न्हाय. पर ऊब तुमाला लागली. तुमचा पोरगा विलास शिकला, कारखान्यात लागला, दारात गाडी आली. आता तुमाला लाकूड नको, तर आमी रान राखायचं? माझी पोरगी शिकायची बारी आली, तवाच झाडं आठवली व्हय तुमास्नी?"

सुंदरा म्हणाली, "आवं, पावण्यास्नी काय बोलताय."

"पावणं हायत म्हणून तर बोलतोय. परक्याला काय सांगायचं."

 कालच उलटलेल्या ट्रॉलीपाशी मी हेच बोलून टाळी दिली होती. ज्यांची पोटं भरली त्यांनी उपास सांगू नये. आज पोट भरलेला मीच होतो, आणि माझी टाळी घ्यायला कुणी नव्हतं.

तरी म्हटलं, "दत्तू, रान गेलं तर हे पाणी जाईल."

"म्हाईत हाय मला. आज्ज्यानं सांगितलंय, त्येच्या बानं त्येला सांगितलंय. पाणी जाणार म्हाईत असून बी तोडतोय दाजी, एवढी नड हाय. तिला कोल्हापुरात ठेवायची, खायला घालायचं, शिकवायचं. मी कशाच्या जिवावर करू? माझ्याकडं दुसरं हाय काय?" मग माझ्याकडं सरळ बघून म्हणाला, "आमी शबूद देतो, रान राखतो. तुमी काय देताय?"

एवढ्या वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी वर बघितलं. वाऱ्यानं सगळं रान हलत होतं. मी म्हटलं, "पोरगी माझ्याकडं दे. माझ्या घरात ऱ्हाईल, माझ्या घरात जेवंल. शिक्षणाचं मी बघतो. तिच्या आत्तीची खोली रिकामीच हाय."

 सुंदरा म्हणाली, "जिला जायचंय तिला इचारा की कुनीतरी."

दत्तूनं पोरीकडं बघितलं. वैशाली झऱ्याशी उभी होती. म्हणाली, "मला शिकायचं हाय." तिनं झाडांचं नाव काढलं नाही आणि माझंही नाही.

"शबूद हाय न्हवं, दाजी?"

"शब्द."

दत्तूनं नारळाचं खोबरं फोडून सगळ्यांना वाटलं. गड्यांचा दिवस बुडाला होता, त्यांना जेवून जा म्हणाला. तो म्हातारा खोबरं चघळत मला म्हणाला, "नारळ फोडून रान सोडल्यालं पावणं पयल्यांदाच बघितलं बगा." त्याला राग आला होता की हसू, कळलं नाही. जाताना त्यानं किंजळीला हात लावला आणि तो हात छातीला लावला.

दुसऱ्या दिवशी निघालो. सुंदरानं नाचण्याचं पीठ आणि मधाची बाटली दिली. दत्तू स्टँडपर्यंत आला. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाला, "आक्का असती तर खूश झाली असती." मी सगळ्या वाटेनं ताठ बसून आलो. असळज, साळवण, कळे, सगळीकडं मला वाटत होतं, मी काहीतरी मोठं करून चाललोय. कळ्याला भजी खाल्ली नाहीत. पोट भरल्यासारखं होतं. उसाचे ट्रॅक्टर तसेच चालले होते, गुऱ्हाळं तशीच धुमसत होती, आणि मी मनातल्या मनात त्या मास्तरांना सांगत होतो, बघा, असं करायचं असतं. आधी आपण द्यायचं, मग दुसऱ्याकडं मागायचं.

घरी आलो. जेवण झाल्यावर विलासला आणि सुनेला, शोभाला, सगळं सांगितलं. विलास माझा एकुलता एक मुलगा. फौंड्रीतच आहे, पण ऑफिसात. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, आधी विचारायचं की."

"वेळ कुठं होता? कुऱ्हाडी हातात होत्या."

"आईच्या खोलीत आता पोरं अभ्यासाला बसतात. थोरल्याचंही दहावीचं वर्ष येतंय. ती कुठं बसायची?" रानात बोलताना हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

शोभा म्हणाली, "मामंजी, मी वाईट बोलत नाही. पण दुसऱ्याची तरणी पोरगी. सकाळी क्लास, संध्याकाळी क्लास. कुठं गेली, कधी आली, कोण बघणार? काही झालं तर वर काय तोंड दाखवायचं? पाणी भरून मीच थकते, त्यात आणखी एक माणूस." ती खोटं बोलत नव्हती. तिच्या हातांकडं बघितलं तरी कळायचं.

विलास म्हणाला, "शब्द तुम्ही दिलासा. घर आमी चालवायचं."

घर माझ्या नावावर आहे. ते म्हणता आलं असतं, तोंडापर्यंत आलंही होतं. पण भाकरी सुनेच्या हातची, औषध मुलाच्या पैशाचं. म्हाताऱ्या माणसानं नावावरच्या घराचा जोर किती दिवस करायचा?  उद्या परत विषय काढू म्हटलं. काढलाही, दोनदा-तीनदा. विलास म्हणायचा, बघू. शोभा उठून आत जायची. असं करत उन्हाळा आला. पोरीचा निकाल लागला, चांगली पास झाली. त्या दिवशी दत्तूचा फोन आला, पोरीला कधी पाठवू म्हणून, आणि मला सांगावंच लागलं.

मला वाटलं, शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "बरं, दाजी. सांगितलासा ते बरं केलासा. औंदा पावसाच्या आत उरकाय पायजे." मग मला विचारलं, "तुमचा दमा कसा हाय?" मी म्हटलं, बरा हाय. त्यानं फोन ठेवला. मी आडवा आलो नाही. कुठल्या तोंडानं येणार होतो?

रान पावसाच्या आत गेलं. मी बघायला गेलो नाही.

त्या पैशावर वैशाली कोल्हापूरला आली, होस्टेलवर राहिली. रविवारी कधी कधी आमच्याकडं जेवायला येते. शोभा तिला प्रेमानं वाढते, जास्तच वाढते. दोघी हसतात. माझ्या मनात आलं की पोरीला विचारावं, पाण्याचं काय झालं. दर वेळी जेवण होतं आणि ती निघून जाते.

मागच्या रविवारी ती म्हणाली, कॉलेजात वादविवाद आहे. वाढत्या देशांनी धूर कमी करायचं वचन द्यावं का न द्यावं. सरांनी तिला बाजू निवडायला सांगितली. मी म्हटलं, "द्यायचं न्हाय म्हणून बोल. मोठ्यांनी आधी द्यावं. तुझा बा असंच बोलला होता, आणि बरोबर बोलला होता. मोठ्यांचा शब्द कसा असतो ते तुमी बघितलंय."

ती म्हणाली, "मी द्यावं म्हणून नाव दिलंय."

"का गं?"

ती ताटात बोटानं रेघा ओढत बसली. मग म्हणाली, "रान आमचं हुतं, मामा. पाणी आमी पीत हुतो. तुमी काय द्या नायतर न्हाय द्या, राखायला आमीच पायजे हुतं की."

"राखलं असतं तर तू हितं नसतीस."

"व्हय," ती म्हणाली, आणि ताट घेऊन मोरीत गेली.

मी हात न धुता तसाच बसून राहिलो. गाडीतून येताना मास्तरांना काय काय सांगत होतो ते आठवलं. आता ते भेटले, तर मला त्यांना काही सांगायचं नाही. भेटले तर एवढंच विचारीन, की ही पोरगी कुणाच्या बाजूची धरायची.